दाजींचा अंगठा

बातमी आली तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर चहा पीत होतो. वाशीमचं एक लग्न आटोपून वसमतकडे निघालो होतो. मागच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून गाडी थांबवली, समोरच्या हॉटेलात अर्धा कप सांगितला आणि खिशातला फोन वाजला. भाच्याचा, संतोषचा फोन. "मामा, कुठपर्यंत आले तुमी?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बोल." तो म्हणाला, "बाबा गेले. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणले, अन् उठलेच न्हाईत." चहा तसाच ठेवून मी निघालो. हिंगोली, औंढा, वसमत करत कुरुंद्याला पोचेपर्यंत रस्त्यात काय काय लागलं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घरासमोर माणसं जमली होती आणि कुणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. दाजींच्या दारात एवढी शांतता मी त्याआधी एकदाच अनुभवली होती.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव गंगाधरराव. कुरुंद्यात थोडी शेती होती, पण त्यांची खरी ओळख मोंढ्यातली. हळदीचा लिलाव पुकारायचं काम ते कितीतरी वर्षं करत होते. शेडमध्ये हळदीचे ढीग मांडलेले, ढिगाशेजारी शेतकरी उभा, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं आणि मध्ये दाजी. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे ते चालत नसत, जवळजवळ पळत. आकडा तोंडातून बाहेर पडेपर्यंत पुढचा आकडा तयार असे. ते श्वास नेमका कुठं घेतात हे ओळखायची पैज लागायची, आणि ती कुणी जिंकल्याचं माझ्या कानावर नाही. घरीही तीच तऱ्हा. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य हेच पुरं करणार. जेवायला बसले की बाकीच्यांचा पहिला भात संपायच्या आत यांनी हात धुतलेले असत. माझ्या लग्नात तर त्यांनी बँडवाल्यांना इतकं पळवलं, की नवरदेव मारुतीच्या देवळातच राहिला आणि वरात मांडवात जाऊन पोचली. मी नवरदेव होतो, म्हणून हे मला पक्कं ठाऊक आहे.

असा माणूस एका हिवाळ्यात सकाळी दाढी करता करता खाली बसला. अंगावरून वारं गेलं होतं. संतोषनं नांदेडला दवाखान्यात हलवलं, जीव वाचला, काठी धरून चालणंही जमायला लागलं. मात्र उजवा हात आणि जीभ या दोन गोष्टी मागं राहिल्या. समजत सगळं होतं. काय बोलायचं तेही डोक्यात नीट असायचं. ओठांतून येताना शब्द एकमेकांवर पडायचे. भेटायला येणारी माणसं चांगलीच होती, पण ती दाजींचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची, नाहीतर अर्थ विचारावा तसं अक्काकडे बघायची. चार-दोनदा असं झालं आणि दाजींनी बोलणं सोडलं. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाणी हवं असलं तर पेल्यावर बोट वाजवायचे. व्यायाम शिकवायला येणारी बाई चेंडू दाबायला सांगून जायची, तो चेंडू खाटेखाली पडलेला असायचा. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहिले तर सुधारेल. अक्का रोज सांगायची. दाजी डोळे मिटून घ्यायचे. सुरुवातीला मी म्हणालो ती शांतता हीच.

त्याच सुमारास मी निवृत्त होऊन वसमतला परत आलो होतो. माझी नोकरी कर्नाटकात, धरणाखालच्या एका वीजकेंद्रावर गेली. तिथल्या एका मंगळुरी सोबत्यानं मला गळानं मासे धरायचा नाद लावला होता आणि निरोप देताना स्वतःचं बेटकास्टिंग रीळ हातात ठेवलं होतं. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या रिळात दोरीची फिरकी जागेवर स्थिर असते, दोरी तिच्यावरून नुसती सुटत जाते. या रिळात आमिष फेकलं की फिरकी स्वतः गरगरा फिरते आणि दोरी पुरवते. यात नेम फार चांगला लागतो, पण गोम अशी, की हवेत आमिषाचा वेग कमी होतो आणि फिरकीला ते कळत नाही. ती आपल्या वेगानं फिरतच राहते. मग कुणी न ओढलेली दोरी फिरकीवरच फुगते आणि पापणी लवायच्या आत असा गुंता होतो की चिमणीनं घरटं बांधावं. तो टाळायला रिळात ब्रेक असतो, पण खरं काम अंगठ्याचं. फेकताना अंगठा फिरकीला हलका टेकलेला हवा, आणि आमिष पाण्याला लागायच्या किंचित आधी त्यानं फिरकी थांबवायला हवी.

मी रोज कुरुंद्याला जायचो. दाजी बोलायचे नाहीत. हळद विकून झाली होती, घरामागचं खळं मोकळं पडलं होतं. हात बसलेला राहावा म्हणून एक दिवस मी गळाची दांडी गाडीतून काढली, दोरीला गळाऐवजी एक लोखंडी नट बांधला आणि खळ्यावर फेकायला लागलो. मधूनच गुंता झाला. मी तो सोडवत दगडावर बसलो असताना मागून काठीचा आवाज आला. दाजी दारात उभे होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. त्यांनी हात पुढं केला. मी दांडी दिली.

पहिल्या फेकीला उजव्या हाताचा अंगठा फिरकीवरून उचललाच गेला नाही. नट त्यांच्याच पायाशी पडला. दुसऱ्या फेकीला अंगठा उचलला गेला पण परत टेकायला तयार होईना. सगळी फिरकी फुगून वर आली. दाजींनी त्या जंजाळाकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द आले, "हे... काहून... असं?"

कुणी प्रश्न विचारावा आणि आपल्याला उत्तर येत असावं, याचा मला तेव्हा झालेला आनंद सांगता येणार नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आधी रिळाच्या बाजूची बारकी टोपी पिळायची. किती पिळायची ते कळावं म्हणून दांडी आडवी धरून फिरकी मोकळी करणारं बटण दाबायचं आणि नट आपल्या वजनानं खाली येऊ द्यायचा. तो सावकाश उतरला पाहिजे, आणि जमिनीला लागल्याबरोबर फिरकीही थांबली पाहिजे. नट थांबला आणि फिरकी फिरतच राहिली तर टोपी अजून पिळायची. मग दुसऱ्या बाजूच्या चकतीनं ब्रेक वाढवायचा. शिकाऊ माणसानं तो जास्तच ठेवायचा आणि हात बसेल तसा उतरवत आणायचा. फिरकी काठोकाठ भरायची नाही, थोडी रिकामी ठेवायची. वजन जरा भारी घ्यायचं. समोरून वारा असला तर त्या बाजूला फेकायचं नाही. आणि हिसका द्यायचा नाही. मनगटानं झटकून फेकलं की फिरकी सुरुवातीलाच पिसाळते, दांडीला हळूहळू वेग देत फेकलं तर ती ताब्यात राहते.

दाजींनी हे सगळं ऐकलं आणि झटकून हिसका दिला. जन्मभराची सवय. परत घरटं.

मग रोजचाच कार्यक्रम झाला. ऊन चढायच्या आत खळ्यावर जायचं, दाजींनी फेकायचं, गुंता झाला की तिघांनी बसून सोडवायचा. तिसरी अक्का. ती माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, पण नटाला काही वास नव्हता. गुंता सोडवायची रीत मी दोघांना दाखवली होती. दोरी ओढत सुटायचं नाही. फिरकीवर अंगठा गच्च दाबून हँडल एक-दोन वेढे फिरवायचं, मग अंगठा काढून दोरी हळूच खेचायची. अडकलेले वेढे आपोआप वर येतात. अंगठा गच्च दाबणं हे दाजींच्या वाट्याचं. पहिल्या दिवसांत तो थरथरायचा, घसरायचा. चेंडूला हात न लावणारा माणूस हा अंगठा मात्र घाम येईपर्यंत दाबून धरायचा.

एकदा मी नको ते बोललो. म्हणालो, "दाजी, तुमचं बोलणंबी असंच बघा, फिरकी पुढं पळती अन्..." त्यांनी मला तिथंच थांबवलं. "रीळ... रीळ हाय. मला... शिकवू नको." अक्का तोंडाला पदर लावून हसली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

संतोषला हे रोजचं बघवेना. वडील पुन्हा पुन्हा चिडतात, दांडी आपटतात, हे बघून त्यानं कुठून तरी एक साधं रीळ मागवलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. "बाबा, याला गुंता होतच न्हाई. अंगठ्याची तकलीफ न्हाई. नुसतं फेका." दाजींनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, चांगलं आहे अशी मान हलवली आणि बाजूला ठेवलं. मीही मग मधला मार्ग सुचवला: आपल्या रिळाचा ब्रेक पुरता वाढवून ठेवू, म्हणजे अंगठा चुकला तरी चालेल. दाजी चिडले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी तो घेतला. "मंग... अंगठ्याला... काम काय?" त्या दिवशी त्यांनी स्वतःच चकती फिरवून ब्रेक एका खुणेनं कमी केला. सकाळभर गुंते झाले. दुसऱ्या दिवशी जरा कमी झाले. पोळ्याच्या सुमारास नट खळ्याच्या पलीकडच्या बांधापर्यंत जायला लागला आणि फिरकी जागच्या जागी थांबायला लागली. अंगठ्याला कातडीवरून सरकणारी दोरी कळू लागली होती, असं ते म्हणाले. म्हणाले म्हणजे सांगत सांगत तिथपर्यंत पोचले, आणि आम्ही मध्ये बोललो नाही.

दसरा झाल्यावर आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यावर जायला लागलो. तिथं मासे धरायचा हक्क मच्छीमार सोसायटीचा. काशीनाथ नावाचा एक भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी लावायचा. त्याला विचारूनच आम्ही काठावर बसायचो, आणि मासा लागलाच तर तो काशीनाथनं न्यायचा असं ठरलं होतं, कारण आमच्या अक्काच्या घरी तो जाणं शक्यच नव्हतं. अक्काला हे कोडं कधी उलगडलं नाही. "खायचा न्हाई, मंग धरायचा काहून?" ती विचारायची. दाजी खांदे उडवायचे.

मरळ मासा काठाच्या गवतात, पाणवेलींच्या सावलीत दबा धरून असतो. त्याच्यासाठी रबराचा बेडूक लावायचा आणि वेलींमधल्या मोकळ्या जागेत नेमका टाकायचा. बरेच दिवस आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. दाजींचं लक्ष वाऱ्याकडे असायचं. झाडाची पानं हलली की ते दांडी खाली ठेवून थांबत. आयुष्यात कशासाठी न थांबलेला माणूस वारा पडायची वाट बघत बसलाय, हे मला सारखं जाणवायचं, पण मी आता शहाणा झालो होतो, बोलत नव्हतो.

ती सकाळ मला स्पष्ट आठवते. वारा पडलेला होता. दाजींनी दांडी मागं नेली, घाई न करता पुढं आणली, बेडूक वेलींवरून गेला आणि त्यांच्या अंगठ्यानं फिरकी इतकी वेळेवर थांबवली की बेडूक पाण्यावर आपटला नाही, अलगद बसला. एक-दोनदा हलवला असेल, तोच पाणी फुटलं. दांडी कमानीसारखी वाकली. दाजी उभे राहिले, काठी बाजूला पडली. माझ्या पायात पेटके आलेले, मला उठता येईना. थोड्या अंतरावर काशीनाथ तराफ्यावर होता. दाजी त्याच्याकडे बघून ओरडले. काय ओरडले ते मलाही कळलं नाही.

"काय म्हणले?" काशीनाथनं विचारलं.

दाजी पुन्हा ओरडले.

"गाडी? गाडी कुठं आणू पाण्यात?"

घरी असते तर या क्षणी त्यांनी तोंड फिरवलं असतं. पण हातात मासा होता, फिरवून फिरवून तोंड कुठं फिरवणार? दाजी लालबुंद झाले आणि सगळ्या पाण्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी न्हाई... रे! जा... जाळी! जाळी... आण, जाळी!"

"असं बोला की," म्हणत काशीनाथ तराफा वल्हवत आला, हातजाळीत मासा घेतला आणि वर उचलला. काळपट, अंगावर फिकट पट्टे, हाताएवढी मरळ. मग तो दाजींना म्हणाला, "मालक, तुमचं ऐकू येतंय बराबर. जरा दमानं बोला, मला कळतंय." आणि दाजी हसायला लागले. हसता हसता बोलायलाही लागले. मासा कसा लागला, आधी वेल कशी हलली, अंगठा कसा टेकला, सगळं त्यांनी काशीनाथला सांगितलं. बऱ्याच वेळा तो "आं?" म्हणायचा, दाजी परत सांगायचे. कुणाचं घाईचं काम नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीतही ते बोलत होते. घरी पोचल्यावर अक्का दारात आली, तिलाही पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. तिनं त्यांचं एकही वाक्य पुरं केलं नाही.

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडले नाहीत. बोलणं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. ते झालं नाही. पण अडखळत का होईना, ते बोलत राहिले, आणि ज्याला घाई असेल त्यानं जावं असा त्यांचा पवित्रा असे.

पुढच्या हंगामात ते मोंढ्यात गेले. पुकारायला आता दुसरा, तरुण माणूस होता, चांगला आवाज असलेला. दाजी पोत्यावर बसून बघायचे. एक दिवस त्या तरुणानंच आग्रह केला, "काका, एक ढीग तुमी पुकारा." मी सोबत होतो. दाजी उठले, ढिगापाशी गेले आणि सुरुवात केली. एक आकडा, मग थांबणं, मग दुसरा आकडा. घोळक्यातून एक व्यापारी घाईनं मध्ये बोलायला लागला, तेव्हा दाजींनी डावा हात वर केला आणि त्याला थांबवलं. शेडमध्ये चुळबुळ झाली, मग तीही थांबली. "एक... बार. दोन... बार." तिसऱ्या बाराला इतका वेळ लागला की ढिगाचा मालक घाम पुसू लागला. पण ते पुरं झालं. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "कसं झालं?" दाजी म्हणाले, "लई... वेळ लागला. पण ढीग... गेला." परत पुकारायला ते उभे राहिले नाहीत. त्याची गरज त्यांना वाटली नसावी.

शेवटचं आम्ही धरणावर गेलो ते त्यांच्या जाण्याच्या आठवड्यातच. वारा फारसा नव्हता. तरी पहिल्याच फेकीला फिरकी फुगली, गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता असा गुंता झाला. दाजी अंगठ्याकडे बघत बसले. "आज... सुस्त हाय," म्हणाले. शरीर काही सांगत होतं का, मला माहीत नाही. मी सोडवायला हात घातला तर म्हणाले, "राहू दे. घरी... सोडवू. निवांत." आणि मग आम्ही काठावर नुसते बसलो. काशीनाथनं आणलेला चहा घेतला, त्याच्या मुलीच्या दहावीच्या गोष्टी ऐकल्या आणि परत आलो. मी वसमतला निघून गेलो, मग ते वाशीमचं लग्न आलं.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. मी कुरुंद्याला गेलो तेव्हा अक्का एकटीच होती. मधल्या खोलीतल्या खुंटीवरून तिनं दांडी काढून आणली. "हे तसंच राहिलंय माधवा," ती म्हणाली. मी बघितलं. वेढे एकमेकांत खोलवर रुतले होते. शहाण्या माणसानं ब्लेड घेऊन दोरी कापावी आणि नवी भरावी, असा तो गुंता होता. मी तसं सांगितलंही. अक्कानं ऐकून घेतलं आणि पायरीवर बसली. मीही बसलो. फिरकीवर अंगठा दाबला, हँडल फिरवलं, अंगठा काढला, दोरी खेचली. सुटलेली दोरी अक्का हातावर गुंडाळून घेत होती. मधेच ती दाजींबद्दल काहीबाही सांगायची. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. उजेड कमी झाला तसे वेढे दिसेनासे झाले. निम्मी दोरी मोकळी झाली होती.

"उरलेलं पुढच्या येळी सोडव," अक्का म्हणाली. "येतोस न्हवं रविवारी?"

येतो म्हणालो. तिनं मोकळी दोरी सैलशी गुंडाळून रिळाभोवती फडकं बांधलं आणि दांडी आत नेऊन खुंटीला लावली.